टोपीचं माप

मिरजेच्या जुबेदाबाई सतारमेकरांचा कान असा, की भिंतीपलीकडच्या तंबोऱ्याची कुठली तार उतरलीय ते त्या इकडून सांगत. म्हणून संगीत विद्यालयाने मुलांच्या रियाजासाठी स्वस्त इअरफोन निवडायचं काम त्यांनाच दिलं. नामांकित समीक्षक खासनीस भडकले. बाईंनी निवडलेला सहाशेचा इअरफोन कानांत घालून त्यांनी तंबोरा ऐकला आणि गरजले, "यात खर्जच नाही! पत्र्याचा डबा आहे नुसता. माझा वीस हजारांचा ऐका!"

बाई चार हात लांब उभ्या होत्या. म्हणाल्या, "खर्ज आहे साहेब, पण तुमच्या डाव्या कानातून गळतोय. जरा डोळे मिटा, पुन्हा ऐकवते."

चार हातांवरून! आम्ही विद्यालयातले शिक्षक थक्क झालो.

डोळे मिटलेल्या खासनिसांच्या अंगावर काटा आला. "हा माझा! याला म्हणतात खर्ज!"

डोळे उघडून बघतात, तर कानांत तोच सहाशेचा. बाईंनी फक्त डावीकडची रबरी टोपी काढून एक माप मोठी बसवली होती.

"बाई, तुम्ही मला टोपी घातलीत!"

"छे हो, मी टोपी फक्त बदलली. घातली ती तुमच्या वीस हजारांनी."