देवाच्या वांग्याची पालखी

खडकमाळच्या ओढ्याला बारमाही पाणी असायचं, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. गावात भिवरा नावाची माळीण होती. तिनं नुसती वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटायची, असं म्हणतात.

गावच्या खंडोबाला चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. त्यासाठी वांगी पिकवायचा मान भिवराच्या घराचा. तिच्या मळ्यात विहिरीशेजारचा वाफा देवाचा म्हणून राखलेला, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या वांगंच. तिथं दुसरं बी टाकावं, हे कुणाच्या स्वप्नातही येत नसे. देवाचं नाव आलं की माणसं मातीचं ऐकेनाशी होतात.

मग वांगी रुसली. उभी झाडं माना टाकायची आणि आठवड्यात वाळून जायची. एका वर्षी नैवेद्याला जेमतेम दोन किडकी वांगी निघाली. भिवराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं वाफ्यातली मूठभर माती उचलली, हुंगली, जिभेवर ठेवली. माती दमली होती.

पुढच्या आषाढात तिनं देवाच्या वाफ्यात चवळी टोकली आणि वांग्याची रोपं पलीकडच्या वाफ्यात लावली, जिथं आदल्या वर्षी घेवडा होता. गाव खवळलं.

"भिवरे, देवाची जागा मोडलीस," जानोजी पाटील गरजले. "औंदा निवद चुकला, तर मान बी गेला आन् मळा बी गेला."

भिवरानं जुन्या वाफ्यातली मूठभर माती पाटलांपुढं धरली. "पाटील, देवाची पालखी गावभर फिरती. मंग देवाचं वांगं का एकाच जागी खिळून ठिवायचं? मातीला बी कूस बदलू द्या की!"

पाटील आणखीच रागावून तरातरा निघून गेले.

चार महिने भिवरा रोज पहाटे उठून दोन्ही वाफे राखत राहिली. चंपाषष्ठी उजाडली. पालखी रिवाजाप्रमाणे जुन्या वाफ्याशी आली, पण तिथं थांबेचना. आपसूक पुढं गेली आणि पलीकडच्या वाफ्याशी थांबली.

"आमी न्हाई वळवली," भोई शपथेवर सांगू लागले.

पानं सारून बघतात, तर वांगी घागरीएवढी! एका वांग्याच्या भरितावर अख्खं गाव जेवलं, असं म्हणतात. मला विचाराल तर दोन-तीन तरी लागली असतील, पण म्हणणारे एकच म्हणतात.

मग भिवरानं जुन्या वाफ्यातला चवळीचा वेल उपटून पाटलांपुढं धरला. मुळांना मोत्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. "चवळी-घेवड्याच्या ह्या गाठीच दमल्या मातीला बळ देत्यात," ती म्हणाली. पाटलांनी त्या मुळांवर भंडारा वाहिला. "भिवराबाई," ते म्हणाले, "म्होरल्या साली वांगं कुठं, ते आता तुमीच सांगा."

भिवराला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक नाही. पण आजही चंपाषष्ठीला पालखी मळ्यात येते, आणि गावातली सगळ्यात वयस्कर माळीण पुढच्या वर्षीच्या वाफ्यावर भंडारा उधळते. देवाचं वांगं तिकडं जातं. मागं सोडलेल्या वाफ्यात आषाढात सगळं गाव मिळून चवळी टोकतं. मग पुढची तीन वर्षं तिथं वांग्याचं रोप लावायला कुणी धजावत नाही. पोरं खेळता खेळता त्या वाफ्यात शिरली, तर बाया अजून हटकतात, "हळू रं, भिवराई कूस बदलतीय."