ग्रोआच्या टेकडीला आग का शिवली नाही

ती हिरवी टेकडी दिसते ना, चहूबाजूंनी काळ्या खडकाने वेढलेली? तिला ग्रोआची टेकडी म्हणतात. खाली खडकात गाडलं गेलंय ते तिच्या मुलाचं, केटिलचं घर. त्याचं नाव घेतलं की आम्ही थुंकतो. तुम्ही पाहुणे, तुम्हाला माफ आहे.

आमच्या आइसलँडमध्ये असं सांगतात, की जगाच्या शेवटी सुर्त नावाचा आगीचा दैत्य दक्षिणेकडून जळती तलवार घेऊन येईल. देव मरतील, सगळं जळेल. त्याच वेळी देवांच्या शत्रूंना घेऊन एक जहाज निघेल, मेलेल्यांच्या नखांचं बांधलेलं. म्हणून आम्ही मृताची नखं कापूनच त्याला पुरतो. जहाज अपुरं राहावं, शेवट लांबावा.

केटिल या खोऱ्याचा सरदार. दाढी छातीभर, काळीज उंदराचं. खोऱ्यावरचा ज्वालामुखीचा डोंगर धुमसू लागला, तशी सुर्त आलाच असं वाटून त्याची पाचावर धारण बसली. जिंकणाऱ्याच्या पंगतीत आधीच जागा धरावी, असं त्याने ठरवलं म्हणे. यापुढे कुणा मृताची नखं कापायची नाहीत, असा हुकूम सोडला. एवढ्या नजराण्यावर सुर्त खूश होऊन आपलं घर वगळेल, ही त्याची अक्कल! सगळं जग जाळायला निघालेल्याला याचा गोठा तेवढा आठवणार होता.

त्यातच त्याची आई ग्रोआ मरणाला टेकली. तिने सुनेचा, आस्दिसचा हात धरला. "माझी नखं काप गं बाई. त्या जहाजात माझं काही जायला नको."

ती गेली. केटिल कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला. "हात लावलास तर या घरात तुला जागा नाही."

"नसू दे," आस्दिस म्हणाली. लोकर कातरायच्या कात्रीने सगळ्यांदेखत तिने सासूची नखं कापली. कुऱ्हाड काही उचलली गेली नाही.

केटिलने तिला घराबाहेर काढलं. सासूचं प्रेत ओढत ती टेकडीवर गेली आणि तिथेच तिने तिला पुरलं. मग डोंगर फुटला. वितळलेल्या खडकाची आग आली ती थेट केटिलच्या फाटकात, जिथे तो गुडघे टेकून स्वागताला बसला होता. सरदार बूट टाकून पळाला, आणि लपला कुठे? आईच्या थडग्यामागे. आग टेकडीपाशी दुभंगली आणि दोन्ही अंगांनी निघून गेली.

पुढे आस्दिसने टेकडीवर बांधलेल्या झोपडीतच, तिचंच खाऊन तो म्हातारा होऊन मेला. त्याची नखंही तिनेच कापली. "माया म्हणून नाही," ती म्हणाली, "तुझ्यापायी जगाचा एक दिवससुद्धा कमी व्हायला नको, म्हणून."

आजही या खोऱ्यात मेलेल्याची नखं घरातली बाईच कापते. हे काम सरदारांवर कुणी सोपवत नाही.