गवयाला मिळालेला ताटवा

फार फार मागे एका डोंगरी किल्ल्यावर बंदिखाना होता. तिथे एक गवई शिक्षा भोगत होता. भर दरबारात दुसऱ्या गवयाची वाहवा झाली, ती सहन न होऊन यानं त्याच्या डोक्यात तंबोरा घातला होता.

बंदिखान्यातही गवयाचा तोरा कायम होता. संध्याकाळी तो गायला लागला की पहारेकरी कोठडीपाशी गोळा होत.

पुढे तिथे एक कुंभार आला. भांडणात शेजाऱ्याचा हात मोडल्याची त्याला शिक्षा झाली होती. त्यानं लोखंडाच्या एका तुकड्यानं अंगणातली मुरमाड जमीन उकरली, चुलीतली राख मिसळली आणि शेवंती लावली. झेंडू लावला, तेरडा लावला. बघता बघता तिथे ताटवा फुलला.

आता पहारेकरी संध्याकाळी ताटव्यापाशी बसू लागले. गवई गात राही आणि पाठमोरी माणसं बघत राही. त्याच्या अंगाचा तिळपापड होई.

एके दिवशी त्यानं किल्लेदाराला गाठलं. "सरकार, हा फुलांच्या आडून भिंत पोखरतोय. त्याच्यापाशी लोखंड आहे."

लोखंड सापडलंच! कुंभाराला तळघरात टाकलं आणि ताटवा गवयानं मागून घेतला.

पण झाडं माना टाकू लागली. त्यातल्या त्यात कुंभाराचं रडणं तरी ऐकावं, म्हणून गवई तळघराच्या झरोक्यापाशी गेला.

आतून आवाज आला, "कोण, गवईबुवा? शेवंतीला कळ्या आल्या का हो?"

गवई गडबडला. "कुठल्या कळ्या? वाळतायत सगळी."

"भर उन्हात पाणी घालता वाटतं? पहाटे घाला. आणि शेंडे खुडा, बुवा, हात आखडू नका. जगतील ती."

एक शिवी नाही, एक शाप नाही. गवयाला त्याचाही हेवा वाटला. या अंधारातही हा माणूस इतका निवांत कसा?

त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं. शेवंती अशी फुलली, की किल्लेदारीणबाई स्वतः बघायला आल्या. म्हणाल्या, "बुवा, तुमच्या हाताला गुण आहे हो!"

याच शब्दांसाठी तर त्यानं सारं केलं होतं. पण ते कानावर पडले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कौतुकही कुंभाराचंच होतं! असं रोज जळत राहणं त्याला सोसेना.

"बाई," तो खाली मान घालून म्हणाला, "हा हात माझा नाही. भिंत कुणी पोखरत नव्हतं. मी खोटं बोललो."

किल्लेदारानं कुंभाराला बाहेर काढून ताटवा परत दिला. त्याच तळघरात गवयाला डांबलं, वर त्याची शिक्षा एका वर्षानं वाढवली.

तिथल्या ओल्या फरशीवर गवई आडवा झाला आणि कितीतरी वर्षांनी त्याला गाढ झोप लागली.

तात्पर्य: दुसऱ्याचं हिरावून घेतलेलं आपल्या हाती येतं, पण आपलं होत नाही.