एक ‘छू’ आणि तीन श्वान

एकदा एका विस्तीर्ण माळावर कुत्री शिकवून तयार करणारा एक वृद्ध राहत असे. त्याच्या हाताखाली तिशी ओलांडलेला एक शिष्य होता. शिकवले की कोणतेही जनावर काहीही शिकते, यावर या शिष्याची गाढ श्रद्धा.

एके दिवशी गुळाचा एक व्यापारी गाडीतून कारवानी जातीचा कुत्रा घेऊन आला. कुत्रा लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा, पाहताच नजर खिळावी असा देखणा.

“वखारीच्या राखणीला आणला होता, बाबा,” व्यापारी करवादला. “महिना झाला, एकदा भुंकला नाही! चोर आला तर हा त्याच्याशी शर्यत लावील. असलं नासकं जनावर पोसायचं कशाला? डॉक्टरकडून मरणाची सुई टोचवून मोकळा होतो.”

शिष्य घाईने पुढे आला. “शेठजी, पंधरा दिवस द्या. नाही भुंकला तर खुशाल न्या.”



त्या दिवसापासून शिष्याने कंबर कसली. कुत्र्याला दाराशी बांधले. वाटेवर कोणी दिसले की तो स्वतः भुंकून दाखवी. इतका हुबेहूब, की पलीकडच्या वाडीतली कुत्री त्याला उत्तर देत. “भुंक, मग भाकरी,” असा नियम केला; रात्री जीव राहण्यापुरता तुकडा तेवढा टाकी. कुत्रा भाकरीकडे पाही, शिष्याकडे पाही आणि क्षितिजाकडे तोंड करून पडून राही. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. शिष्यालाही जेवण जाईना. जीव वाचवायचा तर भुंकवलेच पाहिजे, एवढेच त्याला समजत होते.

सोळाव्या दिवशी व्यापारी हजर झाला. “काय, फुटला का आवाज?”

“नाही, शेठजी,” शिष्य म्हणाला. व्यापाऱ्याने साखळीला हात घातला, तोच वृद्ध उठला. अंगणात आणखी दोन मोकळी कुत्री होती, एक धनगरी आणि एक लॅब्राडोर. वृद्धाने कारवान्याची साखळी सोडली, व्यापाऱ्याच्या डोक्यावरची मखमली टोपी उचलली, माळावर भिरकावली आणि तिघांना ओरडून म्हणाला, “छू!”

“अहो, माझी टोपी!”

लॅब्राडोर धावला आणि टोपी अलगद तोंडात धरून, शेपटी हलवत, लाळेने भिजवून परत घेऊन आला. धनगरी कुत्रा टोपीमागे गेलाच नाही. परका माणूस ओरडतो आहे हे पाहून तो उंबऱ्यावर आडवा उभा राहिला आणि गुरगुरू लागला. कारवानी मात्र टोपीवरून झेप घेऊन, दूर गवतात हललेल्या सशामागे सुटला. इतका वेगात, की सावली बिचारी मागे राहिली आणि धापा टाकत नंतर पोचली म्हणतात.

“गुरुजी, हे काय केलंत?” शिष्य गडबडून म्हणाला. “हुकूम एक आणि तिघांच्या तीन तऱ्हा!”

वृद्ध शांतपणे बोलला, “शब्द आपला असतो, अर्थ त्यांच्या रक्तातला. एकाला ‘छू’ म्हणजे आण, एकाला राख, एकाला पळ. शेठ, तुम्ही पळणारा आणलात आणि दाराला बांधलात. हा धनगरी घेऊन जा.”

व्यापाऱ्याने नाक मुरडले. “याचा कान फाटलाय. वखारीत गिऱ्हाईक येतं, बाबा.”

“गिऱ्हाईक कुत्रा बघायला येतं का गूळ?”

व्यापारी ओशाळला. ओली टोपी झटकून म्हणाला, “बरं, द्या हाच. अन् तो पळपुटा?”

“तो राहील इथंच.” तोवर माळावरून परतलेल्या कारवान्याला थोपटत वृद्ध शिष्याकडे वळला. “तू याच्यावर माया केलीस, अन् उपाशीही ठेवलंस. माया खरी होती, म्हणूनच चूक दिसली नाही. तू कुत्र्याला शिकवत नव्हतास, तो जसा नाही तसा व्हावा म्हणून त्याला शिक्षा करत होतास.”

शिष्याचे डोळे भरून आले. “मग उद्यापासून याला काय शिकवू?”

“आधी बघ. शिकवायचं काय ते मग सुचेल.”

दुसऱ्या दिवशी शिष्याने कुत्र्याला पोटभर खाऊ घातले आणि माळावर नेऊन साखळी काढली. तोंडून एकही शब्द काढला नाही. कुत्रा क्षणभर थबकला, मग वाऱ्यासारखा सुटला. शिष्य दगडावर बसून सकाळभर त्याचे पळणे पाहत राहिला.

घरातल्या माणसांनाही आपण किती वेळा असेच दाराशी बांधून ‘भुंक’ म्हणत असतो!