सोडगाठीचा उतार

जांभूळदऱ्याकडे जाणारी पायवाट रानातून खाली येते ती थेट कोंडवी नदीत उतरते. या उताराला सोडगाठ म्हणतात. पाठीवर मोठाल्या पिशव्या घेऊन डोंगर चढायला आलेली पोरं इथे पोचली, की वाटाड्या इठूबाबा त्यांना थांबवतो. पिशवीचे पट्टे मोकळे केल्याशिवाय तो कुणाला पाण्यात पाय घालू देत नाही. कुणी कुरकुरलं, तर दगडावर बसून खेमाची गोष्ट सांगतो.

खेमा लोहकरे अलीकडच्या वाडीतला. आई नसलेल्या ठकीला त्याने एकट्याने वाढवलं होतं. तिचं लग्न पलीकडच्या गावातल्या देवजीशी लागलं आणि वऱ्हाड परत निघालं, तेव्हा खेमा उतारापर्यंत पोचवायला आला. वर घाटावर वळीव कोसळला होता म्हणे. पाणी अजून गुडघ्याएवढंच होतं, पण गढूळ झालं होतं आणि पालापाचोळा आणत होतं. नदी आता फुगणार, हे खेमाने ओळखलं. नवरा-नवरीच्या शेल्या-पदराची गाठ तशीच होती.

"गाठ सोडा, एकेकाने काठी टेकत जा," तो म्हणाला.

देवजीची आई फणकारली, "देवाच्या पाया पडल्याबिगर गाठ सुटत न्हाई. आपशकून करता व्हय, व्याही?"

मुलीचा बाप तो. दिल्या घरी पोरीला बोल लागेल, या धाकाने गप्प बसला. इथेच त्याने माती खाल्ली, असं इठूबाबा म्हणतो, आणि चिडून म्हणतो.

नवरा-नवरी पुढे उतरले. ते मधल्या धारेत असताना लोंढा आला. देवजीचा पाय निसटला आणि गाठीने ठकीलाही ओढलं. खेमाने उडी टाकली, एका हाताने तिचं मनगट धरलं, खडकाला पाय रोवला. लेकीच्या पदराला जावई लोंबकळत होता आणि नदी दोघांना खेचत होती. वऱ्हाडी काठावर नुसते ओरडत राहिले. मनगट हातातून सुटत चाललं.

"मामा, सोडू नका," देवजी म्हणाला, असं सांगतात.

खेमाने कमरेचा कोयता काढला आणि पदर कापला.

देवजी खालच्या डोहात सापडला. पाणी ओसरल्यावर ठकी सासूच्या मागोमाग पलीकडे निघाली. खेमाने तिला अडवलं.

"एकदा बोललास, बा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा का न्हाई बोललास?"

तो वाटेतून बाजूला झाला. ठकी त्या घरात सासूची बोलणी खात राबली, माहेरी कधी फिरकली नाही. खेमा मरेपर्यंत या काठावर येऊन बसायचा म्हणे. पोर जिवंत, नदीपलीकडे, आणि बापाला तोंड दाखवत नाही, याहून वाईट ते काय असावं.

आजही या वाटेने वरात आली, की उतारावर गाठ सोडतात. नवरा-नवरी वेगवेगळे पाणी ओलांडतात आणि पलीकडे गाठ पुन्हा बांधतात. तोवर नवरीच्या बापाला नदीकडे पाठ करून उभं करतात आणि त्याचा कोयता आधी काढून घेतात. नवऱ्याच्या आईला मात्र कुणी काही करायला लावत नाही.