पाटलीची झिजलेली कड

फार जुन्या काळी, म्हणजे माणसं नोकरीसाठी दारोदार फिरायला नुकतीच लागली होती तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या खजिन्यात पारख्याची जागा कित्येक वर्षांनी एकदा निघे. महसुलात आलेलं सोनं कसोटीच्या दगडावर घासायचं आणि उमटलेल्या रेघेवरून खरं की खोटं ते सांगायचं, एवढंच काम. पण खजिन्याची नोकरी ती! दाराशी रीघ लागे. नियम असा की एका माणसाला दोनदाच उभं राहता येई. तिसऱ्यांदा दार उघडत नसे.

त्या राज्यात एक तरुण होता. त्याचा बाप पारखी होता, पण तो लवकर गेला. मागे राहिला कसोटीचा काळा दगड आणि आईच्या हातातली एक पाटली. आईने त्या पाटलीवरच मुलाला शिकवलं. रोज सकाळी तो तिची कड दगडावर ओढी आणि रेघ बघत बसे. घासून घासून कड एका बाजूने झिजली.

"झिजू दे," आई म्हणे. "तुझी नजर तयार होतेय ना?"

पहिल्या खेपेला तो खजिनदारांपुढे उभा राहिला. रेघ त्याने बरोबर ओळखली होती. पण तो थाट बघून त्याची बोबडी वळली. खजिनदारांनी थोडी वाट बघितली आणि पुढच्याला हाक मारली.

त्यानंतर त्याचं कशातच मन लागेना. लोकांची लाकडं फोडत त्याने वर्षं काढली. जागा पुन्हा निघाल्याची दवंडी पिटली गेली तेव्हा त्याला आनंद झाला नाही, धडकीच भरली. ही शेवटची खेप होती.

नगरात एक गुरुजी होते. मुलाखतीची तयारी करून घेण्यात त्यांचं मोठं नाव. स्वतः कधी कसोटीला हात लावला नव्हता, पण बोलायला काय जातं? बुडत्याला काडीचा आधार, तसा तरुण त्यांच्याकडे गेला. दक्षिणा म्हणून आईने पाटली काढून दिली.

"नोकरी लागली की पैसे देऊन परत आण," ती म्हणाली आणि ओका हात तिने पदराखाली घेतला.

गुरुजी म्हणाले, "दगड ठेव बाजूला. रेघा बघणारे पुष्कळ येतात. खजिनदार मोठे धूर्त, उमेदवारापुढे नेहमी खोटंच सोनं ठेवतात. तू ताठ मानेने म्हण, खोटं! घासत बसू नकोस. जो थांबला तो संपला."

तरुण तेच घोकू लागला. दगडावर धूळ बसली.

"अरे, काहीतरी घासून बघत जा," आई एकदा म्हणाली.

"घासायला आता घरात आहे काय?" तो खेकसला.

मुलाखतीचा दिवस आला. खजिनदारांनी महसुलाच्या ढिगातून एक दागिना उचलून तबकात ठेवला. शेजारी कसोटी ठेवली.

"बोला, खरं की खोटं?"

तरुणाने दागिन्याकडे धड पाहिलंही नाही. समोरच्या भिंतीवर नजर रोखून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "खोटं!"

"घासून बघणार नाही?"

"गरज नाही, महाराज." जीभ जराही अडखळली नाही. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

खजिन्याची रीत अशी की उमेदवार ज्याला खोटं म्हणेल, ते त्याच्यादेखत वितळवायचं. सेवकाने चिमट्याने दागिना भट्टीवरच्या मुशीपाशी नेला. जाळाच्या उजेडात तरुणाला ती कड दिसली. एका बाजूने झिजलेली. गुरुजींनी आपला कर त्याच पाटलीने भरला होता.

"थांबा!" तो ओरडला. पण पाटली मुशीत पडली होती. बघता बघता तिचा रस झाला. त्यात हीण असं काही निघालंच नाही.

"बावनकशी सोनं," खजिनदार शांतपणे म्हणाले. "या आता."

घरी आई दारातच उभी होती.

"या वेळी बोलता आलं का रे?"

"आलं," तो म्हणाला.

तिचा चेहरा उजळला. रिकाम्या मनगटावरून हात फिरवत ती म्हणाली, "मग येईल हो पाटली परत." तो उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. पुढचं काही त्याला सांगता येईना.

बोध एवढाच, की दुसऱ्याचे शब्द पाठ करताना जो आपली नजर गमावतो, त्याला घरचं सोनंही ओळखू येत नाही.