खडखडणारं घर

समुद्र अजून लहान होता तेव्हा त्याच्या काठी शंखात राहणारे दोन खेकडे होते, सख्खे भाऊ. थोरल्याने फिरतं घर बनवलं. आपल्या शंखामागे त्याने दोरीने शिंपले बांधले, एक निजायला, एक शेवाळ साठवायला, एक पाण्याला. प्रत्येकाला सुटती गाठ.

"संकट आलं की गाठ ओढायची आणि पळायचं," तो म्हणाला.

पण चालताना शिंपले खडखडत. खडकावरची कालवं ओरडत, "आली बघा वरात!"

"दादा, लाज वाटते रे!"

"वाजू दे की. वाजतंय म्हणजे आपण चाललोय."

धाकट्याला ती थट्टा सोसवेना. थोरल्याचा डोळा लागताच त्याने झाडाचा चीक आणून सगळ्या गाठी चिकटवून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी घर वाजलं नाही. कालवंही गप्प बसली. तेवढ्यात घार आली. थोरल्याने गाठ ओढली, पुन्हा ओढली.

"सुटत नाही रे! तू पळ!"

धाकटा पळाला. घारीने थोरल्याला शंखातून उपसून नेलं.

घर तिथेच आहे. धाकटा रोज गाठी कुरतडतो. लाट आली की एखादा तरी शिंपला खडखडेल म्हणून कान देतो. घर वाजत नाही.